कुत्र्यांच्या जातीवर बंदी घातली की चावे कमी होतात का?

एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न आहे. त्यांच्या इमारतीत एका कुटुंबाने रॉटवायलर जातीचा कुत्रा पाळलाय. तो आता वर्षाचा होत आलाय आणि लिफ्टमध्ये तो असला की बायका-मुलं जिन्याने जातात. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींवर घातलेली बंदी कोर्टाने का रद्द केली, ती टिकली असती तर लोक जास्त सुरक्षित राहिले असते का, आणि सोसायटीने आता काय करावं, हे त्यांना समजून घ्यायचंय.

मी पशुवैद्य आहे आणि चावणाऱ्या कुत्र्यांच्या केसेस बघणं हे बरीच वर्षं माझं रोजचं काम आहे. आधी सरळ उत्तर देतो. जातीवर बंदी घातल्याचा परिणाम जिथे नीट मोजला गेला, तिथे बहुतेक ठिकाणी चावे कमी झालेले दिसत नाहीत. पण लोकांची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. "कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो" एवढं बोलून ती भीती झटकून टाकणाऱ्या श्वानप्रेमींशी माझं पटत नाही.

जुलै २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या एका बाईंचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला. मे २०२४ मध्ये चेन्नईतल्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात दगावला. पॉमेरेनियनही चावतो, आणि माझ्या टेबलावर मला सर्वांत जास्त वेळा चावायला येतात ते छोटेच कुत्रे. पण त्यांच्या चाव्याने बोटाला टाके पडतात. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या कुत्र्याने लहान मुलाची मान धरली तर दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात मेलेल्या २३८ माणसांच्या नोंदी तिथल्या संशोधकांनी तपासल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंत पिटबुल प्रकारचे कुत्रे किंवा रॉटवायलर होते. हा आकडा लपवून कुठलीही प्रामाणिक चर्चा होऊ शकत नाही.

त्याच अभ्यासात एकूण किमान २५ जातींच्या कुत्र्यांनी माणसं मारल्याचं निघालं, आणि जातीवर कायदा करण्यातल्या अडचणी ते संशोधकच सांगून गेले. जीवघेणे हल्ले हा एकूण चाव्यांचा अगदी लहान भाग असतो, आणि कुठल्या जातीचे किती कुत्रे पाळले जातात हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. मग कोणती जात किती धोक्याची हे ठरवायचं कशावरून?

आता आपल्याकडची २०२४ ची बंदी. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवलं. ठराविक जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करा, त्यांना परवाने देऊ नका, जे आधीपासून पाळलेले आहेत त्यांचं निर्बीजीकरण करा, असं त्यात होतं. ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली. जपानच्या तोसा कुत्र्याचं नाव तिच्यात दोन वेगवेगळ्या रूपांत दोनदा आलंय. "टेरियर" हा शब्द एकटाच लिहिलाय. अक्षरशः अर्थ घेतला तर मांडीवर बसणारा जॅक रसेल टेरियरही बंदीत येतो. तुर्कस्तानचा कांगाल आणि बाल्कन देशांतला शारप्लानिनात्स हे धनगरी कुत्रे यादीत आहेत, जे आपल्या गावांत-शहरांत जवळजवळ दिसतच नाहीत. उलट घराघरांत असलेला जर्मन शेफर्ड नाही, डॉबरमन नाही, ग्रेट डेन नाही. आणि "बॅन डॉग प्रकारचा प्रत्येक कुत्रा" असं एक शेपूट जोडलंय. बॅन डॉग ही जात नव्हेच, वेगवेगळ्या दांडग्या कुत्र्यांच्या संकराला दिलेलं ते सरसकट नाव आहे. एखाद्या महापालिकेच्या निरीक्षकाने या यादीवरून दारातला कुत्रा ओळखायचा कसा?

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ ला हे पत्रक रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना ऐकून घेतलं नाही, हे त्यातलं मुख्य कारण. सगळ्यांना ऐकून रीतसर नियम बदलायला सरकारला मोकळीक ठेवली होती. आठवड्याभरात दिल्ली उच्च न्यायालयातही ते रद्द झालं आणि सरकारने हरकती मागवायचं ठरलं. म्हणजे "कोर्टाने पिटबुल सुरक्षित ठरवला" असं जे फिरतं ते खरं नाही. जातीवर बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न तिथे शेवटपर्यंत निकाली निघालेलाच नाही.

ओळखण्याच्या अडचणीवर थोडं थांबतो, कारण कायदा सगळ्यात आधी तिथेच अडतो. आपल्याकडे पिटबुल म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लाला केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद नसतात, कारण अमेरिकन पिटबुल टेरियर ही जात तो क्लब नोंदवतच नाही. कान कापलेले, छाती रुंद, डोकं मोठं, की झाला पिटबुल. माझ्याकडे अशी कितीतरी जनावरं येतात ज्यांच्यात बुलडॉग आहे, लॅब्राडॉर आहे, कधी आपला गावठीही आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या चार निवारागृहांत १२० कुत्र्यांवर अभ्यास झाला होता. रोज कुत्रे हाताळणाऱ्या तिथल्या माणसांनी, त्यांत पशुवैद्यही होते, ६२ कुत्र्यांना पिटबुल प्रकार म्हटलं. डीएनए तपासला तेव्हा १२० पैकी फक्त २५ जणांत तसा वारसा निघाला. उलटी चूकही झाली: डीएनए पिटबुलचा, आणि बघणाऱ्याने दुसरंच काही लिहिलेलं.

जात कळली तरी स्वभाव किती कळतो? २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांवर आधारलेला अभ्यास आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. डिवचल्यावर कुत्रा किती लवकर भडकेल याबाबत तर जात जवळजवळ काहीच सांगत नाही. मालकांनी भरलेल्या प्रश्नावलीला मर्यादा असतात हे खरं. आणि झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या वंशात पकड न सोडण्याची प्रवृत्ती असते, हे मी स्वतः पाहिलंय. पण एवढ्यावर समोरचा एक विशिष्ट कुत्रा धोकादायक की नाही हे ठरत नाही.

जातबंदीचा सर्वांत मोठा प्रयोग ब्रिटनने केला. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टने पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो आर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. त्यानंतरचं चित्र असं: इंग्लंडमध्ये कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण १९९८ मध्ये दर लाखामागे ६.३४ होतं, ते २०१८ मध्ये १४.९९ झालं. ही वाढ मुख्यतः मोठ्या माणसांतली होती. बंदीमुळे ती झाली असं मी म्हणत नाही, कुत्रे पाळणारे वाढले, पाळण्याच्या पद्धती बदलल्या. पण बंदीने ती रोखली नाही एवढं उघड आहे.

आणि मग आला एक्सएल बुली. दांडगा, जाडजबड्याचा, धिप्पाड कुत्रा ज्यांना हवाच होता, त्यांना बंदीच्या चौकटीबाहेरचा नवा प्रकार मिळाला. अमेरिकेत तयार झालेला हा कुत्रा ब्रिटनमध्ये झपाट्याने पसरला. थोड्याच नरांपासून भरमसाट पैदास झाली, इंटरनेटवर पिल्लं विकली गेली, आणि जीवघेण्या हल्ल्यांच्या बातम्यांत तो वारंवार दिसू लागला. शेवटी सरकारला हा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला. ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याची विक्री आणि पैदास बंद झाली, १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणं गुन्हा ठरलं. व्याख्या काय, तर नराची खांद्यापाशी उंची ५१ सेंटिमीटर किंवा जास्त, मादीची ४८, शिवाय डोकं, जबडा, छाती यांची वर्णनं. उंची कमी पडली तर तोच कुत्रा कायदेशीर. मागणी तशीच ठेवून एका प्रकाराचं दार बंद केलं की पैदास करणारे पुढचा प्रकार आणतात, हे ब्रिटनने या तीस वर्षांत अनुभवलं.

नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि २००८ मध्ये उठवली, कारण चाव्यांत फरक पडला नव्हता. इटलीने २००३ मध्ये ९० हून जास्त जातींची यादी केली होती, २००९ मध्ये ती गुंडाळून जबाबदारी मालकावर टाकली. डेन्मार्कने २०१० मध्ये १३ जाती बंद केल्या. तिथल्या ओडेन्स शहरातल्या रुग्णालयाच्या नोंदी पाहता चाव्यांवर परिणाम दिसला नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हरची १९८९ ची बंदी २०२० मध्ये मतदारांनीच बदलून परवाना पद्धत आणली.

याविरुद्ध जाणारा पुरावाही आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेग आणि इतर गावांनी घातलेल्या बंदीचा अभ्यास झाला, त्यात बंदीनंतर चाव्यांमुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण काहीसं कमी झाल्याचं निघालं. दांडग्या कुत्र्यांची संख्या घटली तर गंभीर जखमा थोड्या घटतील, हे तर्काला धरूनही आहे. पण कॅनडातल्याच ३६ शहरांची तुलना केली तेव्हा बंदी असलेल्या आणि नसलेल्या शहरांत चाव्यांच्या प्रमाणात फरक सापडला नाही. फरक सापडला तो दंडात. जिथे पट्टा सोडल्याबद्दल, परवाना नसल्याबद्दल पावत्या जास्त फाडल्या जातात, तिथे चावे कमी. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत कामाचा निष्कर्ष हाच आहे, आणि त्याबद्दल कुणी भांडत नाही म्हणून तो बातमीतही येत नाही.

असं का होतं, ते चाव्याची एकेक केस उलगडली की कळतं. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांतल्या २५६ मृत्यूंची पोलीस तपासासकट छाननी झाली. ८७ टक्के प्रसंगी मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. ८५ टक्के वेळा मेलेल्या व्यक्तीची कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा नावापुरतीच होती. ८४ टक्के कुत्र्यांचं निर्बीजीकरण झालेलं नव्हतं. ७६ टक्के कुत्रे घरातले म्हणून वाढवलेलेच नव्हते, नुसते आवारात ठेवलेले होते. अशी चार किंवा जास्त कारणं एकत्र आलेली प्रकरणं ८० टक्के. आणि जात खात्रीने ठरवता आली ती फक्त १८ टक्क्यांच्या आसपास.

माझ्याकडे आलेली एक केस सांगतो. शहराबाहेरच्या फार्महाऊसवरचा रॉटवायलर, तीन वर्षांचा नर. मालक शनिवारी-रविवारी येणार, बाकी दिवस राखणदार भाकरी टाकणार. गळ्याभोवती बोटभर रुंदीचं केस गेलेलं वळं होतं, कातडी काळी आणि जाड झालेली. म्हणजे साखळी रात्रंदिवस. शेपूट छाटलेली. राखणदाराच्या नातवाच्या मांडीला चावला होता, जखम खोल होती, पोरगा वाचला. मी विचारलं, आधी गुरगुरला का? मालक म्हणाले, "तो गुरगुरतच नाही." लहान असताना खाण्याच्या भांड्याजवळ गुरगुरायचा, तेव्हा काठीने मारून ती सवय मोडली होती. कुत्र्याची पूर्वसूचनाच त्यांनी मारून बंद केली होती, आणि शेपूट नसल्याने उरलेली खूणही दिसत नव्हती. मग विचारलं, याआधी कुणाला चावला होता? "नाही हो, चावला नाही, नुसता दात लागला होता." एकदा सिलिंडर देणाऱ्याच्या पँटला, एकदा शेजारच्या बाईंच्या हाताला. दोन्ही वेळा पैसे देऊन विषय मिटवलेला.

हे "नुसता दात लागला" मी जवळजवळ प्रत्येक गंभीर केसच्या आधी ऐकतो. पहिला गंभीर चावा क्वचितच पहिला असतो. कायद्याला शिरायला जागा इथे आहे, या दोन चाव्यांच्या मध्ये. जातीची यादी या जागेकडे बघतच नाही. यादीतल्या शांत कुत्र्यालाही ती धोकादायक ठरवते, आणि यादीबाहेरचा, दोनदा दात लावलेला कुत्रा मोकळा सोडते.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मायक्रोचिप लावायची. प्रत्यक्षात माझ्याकडे महिन्याभराची पिल्लं पिशवीतून येतात. आईपासून आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू दात किती जोरात लावायचा हे शिकतच नाही, कारण ते शिक्षण त्याच आठवड्यांत, खेळताना भावंडाच्या किंकाळीवरून होतं. हा एकच नियम कडक राबवला तर कुठल्याही यादीपेक्षा जास्त फरक पडेल असं मला ठामपणे वाटतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबईत मे २०१० मध्ये एका रॉटवायलरने एका वृद्धाला चावल्याच्या खटल्यात मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली, ती जानेवारी २०२३ मध्ये. इतक्या वर्षांत तो कुत्रा त्याचं आयुष्य जगून गेलेला असणार. शिक्षा झाली हे चांगलंच, पण चाव्यानंतर आठवड्यात कुणीतरी जाऊन पट्टा, तोंडाला जाळी, कुंपण यांची सक्ती करतं का, यावर पुढचं मूल वाचणं अवलंबून असतं. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल तुटून पडला, आणि मालक शेजारी बसून हसत असल्याचं व्हिडिओत सगळ्यांनी पाहिलं. त्या माणसाच्या हातात उद्या जर्मन शेफर्ड दिला तर मूल सुरक्षित होईल का? अशा मालकाला काही वर्षं कुठलाही कुत्रा पाळायला मनाई करणारी तरतूद मला हवी आहे.

हणजूणच्या घटनेनंतर गोवा विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र जातींच्या पाळण्यावर बंधनं घालणारा आणि नुकसानभरपाईची तरतूद असलेला कायदा मंजूर केला. त्यातला भरपाईचा भाग मला योग्य वाटतो. जातींच्या यादीचं पुढे काय होईल, ते वर लिहिलंच आहे.

एक गोष्ट प्रमाणात ठेवायला हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात रेबीजने वर्षाला सुमारे ५,७०० माणसं मरतात. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त नोंदी झाल्या. या नोंदींत कुत्रा पाळीव की भटका, कुणाचा, आधी चावलेला का, हे एकत्र करून कुठेही बघता येत नाही. बंदीचा उपयोग झाला की नाही हे मोजायलाही आपल्याकडे साधन नाही. म्हणून मी म्हणतो, लसीचं इंजेक्शन देतानाच मालकाचं नाव आणि परवाना क्रमांक लिहून घ्या आणि ती नोंद त्याच दिवशी महापालिकेकडे जाऊ द्या.

आता तुमच्या सोसायटीबद्दल. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी जातीवरून किंवा आकारावरून कुत्रा बंद करू शकत नाही, आणि तोंडाला जाळी लावायची सक्तीही करू शकत नाही. पट्टा मात्र मागू शकते. त्या कुटुंबाशी भांडण न काढता चौघांनी बसून बोला. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचं कार्ड बघायला मागा. कुत्र्याला बाहेर नेणारी व्यक्ती त्याला आवरू शकेल एवढी मोठी हवी, दहावीतल्या मुलाच्या हाती पट्टा नको. लिफ्टमध्ये कुणी आधीच असेल तर कुत्र्याने थांबायचं, हा साधा नियम करा. जाळीबद्दल विनंती करा. तोंड आवळून बांधणारी पट्टी नको, आत धाप टाकता येईल आणि पाणी पिता येईल अशी पिंजऱ्यासारखी जाळी हवी, आणि तिची सवय खाऊ देऊन आठ-पंधरा दिवसांत लावता येते. निर्बीजीकरणाबद्दल त्यांच्या पशुवैद्याशी बोलायला सांगा. त्याने भटकणं आणि इतर नरांशी भांडणं कमी होतात, पण भीतीपोटी चावणारा कुत्रा त्याने बरा होत नाही. मुलांनाही शिकवा: पळायचं नाही, किंचाळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हात बाजूला ठेवून उभं राहायचं.

वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवा. कुत्रा अंगावर आला, गुरगुरला, दात लागला, जे काही झालं ते तारखेसह, पट्टा होता का आणि कुणाच्या हातात होता यासह लिहा. दात लागून कातडी जराही खरचटली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मालकाने कितीही सांगितलं की लस दिलेली आहे. आणि त्याच दिवशी महापालिकेला लेखी कळवायचं, आपसांत मिटवायचं नाही.

हे आत्ताच करा, कारण रॉटवायलर साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान स्वभावाने पक्का होतो. वर्षाच्या आत सगळ्यांशी खेळणारा कुत्रा या काळात अनोळखी माणसाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागू शकतो. त्या कुटुंबाला सांगा की तो दीड वर्षाचा व्हायच्या आत त्याला वर्तन तपासणाऱ्या पशुवैद्याकडे एकदा नेऊन आणा, आणि जेवणाच्या भांड्यापाशी तो कसा वागतो ते खरं सांगा.